फुलपाखरू, लसावि आणि चाळीस गुंठे: अपूर्णांकांच्या एका रीलचं प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा, पहिली ते सातवी. पाचवीचा वर्ग ज्यांच्याकडे आहे त्यांना इथे ‘सर’ म्हणू, आणि कोल्हापूर शहरातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेला ‘मॅडम’. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांनीही मजकूर वाचून होकार दिला आहे. मी सरांच्याच केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) दुसऱ्या शाळेत शिकवतो आणि मॅडमना जुन्या प्रशिक्षणांपासून ओळखतो, तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही.

हे घडलं त्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीला होती. आमच्या जिल्ह्यात या परीक्षेचं काय प्रस्थ आहे ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सकाळी जादा तास, रविवारी सराव पेपर, आणि निकाल लागला की गावच्या चौकात मुलांच्या फोटोंचा फलक. चार पर्यायांतून एक निवडायचा आणि तोही घड्याळाकडे बघत, त्यामुळे झटपट रीतींना इथे कायम गिऱ्हाईक असतं. शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप तर अशा रीतींनी भरून वाहत असतात.

सरांनी दीड मिनिटाची एक रील केली. भिन्नच्छेद म्हणजे वेगवेगळे छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, ‘फुलपाखरू पद्धत’. फळ्यावर दोन अपूर्णांक शेजारी लिहायचे, तिरकस गुणाकारांभोवती पंख काढायचे, खाली छेदांचा गुणाकार म्हणजे फुलपाखराचं पोट. वर्गातली एक मुलगी फळ्यापाशी येऊन गणित सोडवते आणि हसते. सोबत चार पानांची पीडीएफ कृतिपत्रिका, तळाला सरांचं नाव आणि नंबर.

दोन दिवसांत ती भुदरगड, कागल, राधानगरीच्या ग्रुपांवर पोचली. ‘नाद खुळा सर!’, ‘लई भारी’, ‘आमच्या पोरीला एका झटक्यात जमलं बघा’. त्या कौतुकाच्या गर्दीत एका शिक्षिकेने विचारलं होतं, ‘सर, तीन अपूर्णांक असतील तर?’ उत्तर कुणी दिलं नाही. हा प्रश्न लक्षात ठेवावा.

रीत कशी चालते, कुठे अडते

१/४ + १/६ घ्या. पंख काढले की १ × ६ आणि १ × ४, बेरीज १०. छेद ४ × ६ = २४. उत्तर १०/२४, म्हणजे ५/१२. बरोबर आहे. पहिल्या अपूर्णांकाचे अंश-छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणले आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या छेदाने, की दोघांचे छेद सारखे होतात. पंखांमध्ये हेच दडलेलं आहे. त्यामुळे ‘चुकीची पद्धत’ हा आरोप मुळात टिकत नाही.

अडचण वेगळी आहे. ५/१२ + ७/१८ घेतलं की फुलपाखरू १७४/२१६ वर नेऊन सोडतं आणि पुढचं संक्षिप्त रूप काढताना पाचवीतलं मूल दमतं. लसावि, म्हणजे १२ आणि १८ दोघांनीही भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, ३६ घेतला तर १५/३६ + १४/३६ = २९/३६, काम संपलं. तीन अपूर्णांक आले की पंख कुणाला काढायचे हेच कळत नाही. आणि पंखांचं चित्र डोक्यात बसलं की ते गुणाकारातही उगवतं, जिथे त्याचं काही काम नाही.

रीलमध्ये यातलं काहीच नव्हतं. सरांनी त्याआधी दोन तासिका कागदाच्या घड्या घालून सममूल्य अपूर्णांक दाखवले होते, हेही नव्हतं. दीड मिनिटात बसलं ते फक्त फुलपाखरू.

ठिणगी

मॅडमच्या भाचीने ती रील त्यांना पाठवली. त्या रात्री मॅडमनी फेसबुकवर मोठी पोस्ट लिहिली. पोस्टचा गाभा रास्त होता. नववीत बैजिक अपूर्णांक आले की हीच मुलं अडतात, कारण छेद का सारखे करायचे ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पण मथळा होता ‘गणित नव्हे, जादूचे प्रयोग’, आणि सोबत रीलचा स्क्रीनशॉट. त्यात सर होते आणि ती मुलगीही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. पोस्ट शिक्षकांच्या ग्रुपवर आली. ‘शहरात पंख्याखाली बसून सल्ले द्यायला काय जातंय’ विरुद्ध ‘पगार सरकारचा घेता आणि रील काढता’. जिल्हा परिषद विरुद्ध खासगी, मराठी विरुद्ध इंग्रजी माध्यम. एका गृहस्थांनी सरांच्या बोलण्याची टर उडवली, ‘आधी शुद्ध बोलायला शिका, मग अपूर्णांक शिकवा’. सरांना सगळ्यात जास्त हेच लागलं. गणितावरचं काहीही ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती, पण आपल्या गावच्या बोलीत मुलांशी बोलण्याबद्दल कुणी सुनवावं हे त्यांना सहन झालं नाही. मला विचाराल तर त्या रीलमधली सर्वांत चांगली गोष्ट ती बोलीच होती.

एका ज्येष्ठांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे पाठ असण्याच्या दिवसांची आठवण काढली. मग कुणीतरी २०१९ उकरलं. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असंही संख्यावाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला होता. विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जुनी रीत काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत, हे सांगत राहिल्या, पण तोवर पुस्तक न उघडताच मतं तयार झाली होती. इथेही तसंच चाललं होतं. गडहिंग्लजकडच्या एका शिक्षकाने लिहिलं, ‘आमच्याकडं घरात कन्नड बोलणारी पोरं हायत. ती २१ ला इप्पत्तोंदू म्हणत्यात, म्हणजे वीस आणि एक. त्यांना वीस एक पटकन कळतं.’ अख्ख्या धाग्यात वर्गातून आलेली माहिती एवढीच. तिच्याखाली एकही उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली. ‘सर, पोरीचा फोटो कुटं कुटं फिरायलाय वो. पावण्यांनी फोन केलता. काय झालंय म्हणून विचाराय लागलेत.’ तोवर आमच्यापैकी बहुतेकांना हा शिक्षकांचा आपसातला वाद वाटत होता.

समोर काय पर्याय होते

मुख्याध्यापक बाई, सर, केंद्रप्रमुख आणि मी, असे शाळा सुटल्यावर बसलो. बोलणं फार शिस्तीत झालं नाही, पण मुद्दे असे निघाले.

रील काढून टाकावी. बाईंचा आग्रह याला, आणि तो मुलीसाठी होता. सरांचं म्हणणं, काढली की चूक कबूल केल्यासारखं दिसेल. दोघंही बरोबर होते. शिवाय आपल्या खात्यावरून काढलेली रील इतरांच्या फोनमधून जात नाही.

उत्तराची रील करावी. सरांच्या तरुण सहकाऱ्यांना हे फार आवडलं होतं, मथळाही तयार होता. केंद्रप्रमुखांनी त्याला हात जोडले.

वरिष्ठांकडे तक्रार करावी, कारण परवानगीशिवाय फोटो वापरला. तक्रार करता आली असती, पण मूळ रील करताना आपणही पालकांची लेखी संमती घेतली नव्हती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलं आहे, आणि तो मुद्दा पहिल्यांदा आपल्याकडेच वळला असता.

गप्प बसावं. चार दिवसांत लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात, हा केंद्रप्रमुखांचा अनुभव. खरंही आहे ते. पण गप्प बसलं तर फुलपाखरू चांगलं की वाईट हा प्रश्न तिथेच राहणार होता आणि पाचवीचा वर्ग रोज सकाळी भरणारच होता.

मी सुचवलं ते एवढंच, की मुलांना पाच गणितं देऊन बघू. वाद मुलांना काय कळतं याबद्दल आहे, आणि आतापर्यंत मुलांना कुणी विचारलेलं नाही. सरांनी थोडा वेळ घेतला. वही उघडली तर आपलंच उघडं पडेल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. मग म्हणाले, ‘घेऊ की. काय असंल ते असंल.’ या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय माझ्या मते हा होता.

काय केलं

त्याच संध्याकाळी सरांनी आपली रील काढून टाकली. ग्रुपवर एकच ओळ टाकली: मुलीचा चेहरा आहे म्हणून काढून टाकली, पद्धतीवर बोलायला मी तयार आहे. मॅडमना मी फोन केला. मुलीच्या आईचं ऐकल्यावर त्यांनी फोनवर असतानाच पोस्टमधला स्क्रीनशॉट काढून टाकला, मथळा मात्र बदलला नाही. ‘माझं म्हणणं तेच आहे,’ म्हणाल्या. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी पाचवीला हे पाच प्रश्न दिले:

३/८ + २/८
१/२ + १/३
१/२ + १/३ + १/६
१२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण किती? १, २, १९ की २१? (आकडेमोड न करता)
अर्धा लिटर आणि पाव लिटर दूध मिळून किती?

चौथा प्रश्न माझा नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तो १३ वर्षांच्या मुलांना विचारला होता आणि फक्त २४ टक्के मुलांनी २ हा पर्याय निवडला होता. १९ आणि २१ निवडणारे त्याहून जास्त निघाले.

दुसरा प्रश्न जवळपास सगळ्यांना आला. पंख सुबक, उत्तर ५/६. पहिल्याने मात्र सरांना हलवलं. छेद आधीच सारखे असताना बऱ्याच मुलांनी पंख काढून ४०/६४ केलं होतं. उत्तर चूक म्हणता येत नाही, ४०/६४ म्हणजे ५/८ च. पण आठ भागांतले तीन आणि आठ भागांतले दोन मिळून पाच, हे ज्याला दिसतं ते मूल पंख काढायला जाणार नाही. तिसऱ्यात काहींनी तीन पंखांचं फुलपाखरू काढायचा प्रयत्न करून सोडून दिला, काहींनी सरळ अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून ३/११ लिहिलं. उत्तर १ आहे. ग्रुपवरच्या त्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी विचारलेलं होतं ते हेच.

पाचवा प्रश्न सगळ्यात सोपा गेला. सकाळी डेअरीला दूध घालून येणारी पोरं ती, ‘पाऊण लिटर’ असं कागदाकडे न बघता म्हणाली. रीलमधल्या मुलीने वहीत ‘पाऊण’ लिहिलं होतं आणि शेजारी पंख काढून ६/८. सरांनी विचारलं, दोन्हीतलं बरोबर कुठलं? ती म्हणाली, ‘दोन्ही बरोबर हाय सर. ते दुधाचं हाय, हे गणिताचं.’

महिनाअखेरच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, हा विषय घ्यायचं ठरलं आणि मॅडमना बोलावलं. त्या येतील असं निम्म्यांना वाटत नव्हतं. त्या आल्या आणि येताना आपल्या आठवीच्या वह्या घेऊन आल्या. तेच पाच प्रश्न त्यांनी आपल्या वर्गाला दिले होते, आम्ही न सांगता.

त्यांच्या मुलांनी पहिले तीन प्रश्न लसावि काढून नीट सोडवले होते. चौथ्याला, ‘आकडेमोड करू नका’ असं लिहिलेलं असताना, मुलं १३ आणि ८ चा लसावि १०४ काढत बसली आणि १८७/१०४ वर येऊन थांबली. ती संख्या दोनच्या जवळ आहे हे दिसणारी थोडी. ज्यांना वेळ पुरला नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी १९ वर खूण केली होती. मॅडमनी त्या वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुमच्या मुलांचं फुलपाखरू झालंय आणि माझ्या मुलांचा लसावि. १२/१३ म्हणजे जवळजवळ एक, हे दोघांनाही दिसत नाही.’

या वाक्यानंतर सभेचा सूर बदलला. तोवर भांडण एक रीत विरुद्ध दुसरी रीत असं होतं, आणि मॅडमची रीत ‘शास्त्रशुद्ध’ म्हणून आधीच जिंकलेली होती. वह्यांवरून दिसलं की कारण न कळता केलेला लसावि हीसुद्धा युक्तीच असते, फक्त पुस्तकात छापलेली. फेसबुकवर हा मुद्दा निघूच शकला नसता, कारण तिथे मॅडमना आपल्या वर्गाच्या वह्या दाखवायचं काही कारण नव्हतं.

मग काम सुरू झालं. सरांनी गुंठे काढले. ४० गुंठ्यांचा एकर हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. पाव एकर ऊस म्हणजे १० गुंठे, पाचवा हिस्सा म्हणजे ८ गुंठे, मिळून १८ गुंठे, म्हणजे १८/४० एकर. मॅडमनी लगेच अडवलं, ‘४ आणि ५ चा लसावि २० आहे, ४० नाही.’ सर म्हणाले, ‘गुंठं मोजताना लसावि कोण काढतंय मॅडम?’ यावर अर्धा तास गेला आणि तो वाया गेला नाही. सामाईक पट कुठलीही चालते, लसावि घेतला की आकडे लहान राहतात एवढंच, हे दोन्हीकडच्या शिक्षकांनी पहिल्यांदा मोठ्याने बोलून घेतलं.

एकराला मर्यादा आहे. तिसरा हिस्सा म्हणजे १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश, तिथे मूल गोंधळतं. तिथे डझन घेतला: १/३ म्हणजे ४ केळी, १/४ म्हणजे ३, मिळून ७/१२. आठ रकाने आणि पाच ओळींचा चौकटींचा कागद करून बघितला तर दुसरी अडचण आली. पाव भाग दोन उभ्या रकान्यांत आणि पाचवा भाग एका आडव्या ओळीत रंगवला की दोन चौकटी दोनदा रंगतात आणि मोजणी १६ येते. म्हणून दोन वेगळे एकर काढायचे आणि शेवटी गुंठे मिळवायचे, अशी सूचना कृतिपत्रिकेत घातली.

निष्पत्ती

नवी कृतिपत्रिका दोन पानांची आहे. मुलांचे चेहरे नाहीत. सरांनी रीलमधल्या मुलीच्या आईला विचारलं, वहीतलं पान घेऊ का? ‘नाव नको. अक्षर चालंल,’ असं उत्तर आलं, आणि ‘पाऊण’ व ‘६/८’ शेजारी-शेजारी असलेलं ते पान आता कृतिपत्रिकेवर आहे. वरच्या कोपऱ्यात तीन ओळी: कोणत्या इयत्तेसाठी, आधी काय झालेलं हवं, कुठे चालत नाही. फुलपाखरू दुसऱ्या पानावर सगळ्यात शेवटी येतं, पंखांत नेमका कुठला गुणाकार आहे त्याच्या खुलाशासह.

सत्राच्या शेवटी सरांनी तेच प्रश्न आकडे बदलून दिले. सारख्या छेदांवर पंख काढणारी मुलं बरीच कमी झाली होती. अंदाजाचा प्रश्न अजूनही अवघडच जातो, दोन्ही शाळांत.

नवी कृतिपत्रिका फारशी फिरली नाही. जुनी रील मात्र ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेली’ असा शिक्का घेऊन अधूनमधून आमच्याच ग्रुपवर परत येते, आणि खाली कुणीतरी नव्याने ‘नाद खुळा’ लिहितं. मॅडमच्या पोस्टवर त्यांनी स्वतः शिक्षण परिषदेचा वृत्तांत जोडला. तो वाचलेले थोडे आणि मूळ मथळा लक्षात ठेवलेले पुष्कळ. टर उडवणारे गृहस्थ कुठेच परत दिसले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पीडीएफच्या तळाला सरांचा नंबर होता. मॅडमनी पोस्टच्या आधी फोन केला असता तर मधला आठवडा वाचला असता, असं बरेच जण म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. फोनवर दोघांचं पटलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पाच प्रश्न निघाले नसते, आठवीच्या वह्या आल्या नसत्या. साहित्यावर जाहीर टीका व्हायला हवी, कारण साहित्य जाहीर आहे. स्क्रीनशॉट मात्र फळ्याचा घेता आला असता, माणसांचा घ्यायची गरज नव्हती.

सरांच्या बाजूने बघितलं तर रीलखाली दोन ओळी पुरल्या असत्या: याआधी घड्या घालून घेतल्या आहेत, दोनच अपूर्णांकांना चालते. त्याने व्ह्यूज कमी झाले असते का? कदाचित. पण ज्या शिक्षकांनी ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी वर्गात वापरली, त्यांना घड्यांचा भाग कळला असता.

भांडण वाढल्यावर आमच्या ॲडमिननी ग्रुप दोन दिवस ‘फक्त ॲडमिन’ केला. शिवीगाळ थांबली, हे चांगलंच झालं. पण तीन अपूर्णांकांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या शिक्षिकेला दुसऱ्यांदा विचारायची सोयही गेली. त्यांना मी नंतर भेटलो. त्यांनी तोवर वर्गात फुलपाखरू बंद करून टाकलं होतं, कारण न कळताच.

सर आणि मॅडम यांचं एका मुद्द्यावर अजून जमलेलं नाही. मॅडमच्या मते फुलपाखरू पाचवीत नकोच, सममूल्य अपूर्णांक पक्के झाल्यावर सहावीत मुलांनी ते स्वतः शोधावं. सरांचं म्हणणं, जादा तासाला पोरं ते कुठून तरी शिकून येतातच, मग वर्गातच त्याचे पंख उघडून आत काय आहे ते दाखवलेलं बरं. पुढच्या शिक्षण परिषदेला भागाकारातलं शून्य आहे, ६२४ भागिले ६ चं उत्तर १४ लिहिणारी मुलं. दोघांनी आपापल्या वर्गाच्या वह्या आणायचं कबूल केलंय, आणि फुलपाखराचा वादही त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुढे चालू होणार आहे.